साठीनंतर पहिली महागडी इलेक्ट्रिक गिटार घेतोय, काय बघून घेऊ?

निवृत्त_कॅशियर (सांगली)

मंडळी, नमस्कार. वय ६३. पस्तीस वर्षं काउंटरवर नोटा मोजल्या. आता सकाळी आमराईत चक्कर, मग नातवाला रिक्षात बसवणं, आणि दुपारी घर सामसूम झालं की गिटार. कॉलेजात असताना कलकत्त्याहून आलेली एक जंबो गिटार होती. तिच्या तारा इतक्या वर, की खालून उंदीर गेला असता. २००६ साली यामाहा पॅसिफिका ११२ घेतली, ती आजतागायत सोबत आहे. स्टेजवर वाजवत नाही. गणपतीत सोसायटीपुढे दोन गाणी, एवढंच. बाकी पलंगाच्या कडेवर बसून जुन्या हिंदी गाण्यांमधले तुकडे, आणि अलीकडे संथ ब्लूज.

एक मुदत ठेव पिकली आहे. ही म्हणाली, "घेऊन टाका एकदाची, रोज तेच तेच व्हिडिओ बघत बसता." बजेट अडीच लाख, फार तर दहा-वीस हजार वर. डोक्यात तीन नावं घोळताहेत: अमेरिकन स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर), गिब्सनची लेस पॉल आणि पीआरएस (पॉल रीड स्मिथ).

अडचण अशी, की डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) धरला की दोन मिनिटांत हात सोडावा लागतो. शिवाय गेल्या वर्षी डावा खांदा आखडला होता, तो अजून पुरता सुटलेला नाही. महागडी गिटार हाताला खरोखर हलकी जाते, की नुसती देखणी असते? इथे सांगलीत यातलं काही हातात घेऊन बघायची सोय नाही. मुंबईची एकच खेप होईल. तिथे नेमकं काय बघू?

स्ट्रॅटकर_ठाणे

काका, आधी अ‍ॅम्प कोणता ते सांगा.

निवृत्त_कॅशियर

दहा वॅटचा, छोट्या स्पीकरचा. पण प्रश्न गिटारचा आहे हो.

स्ट्रॅटकर_ठाणे

माहीत आहे. तरी तीसेक हजार अ‍ॅम्पसाठी बाजूला काढा, नाहीतर अडीच लाखांची गिटार रेडिओसारखी वाजेल. असो.

हाताचं म्हणाल तर आधी स्केल बघा. नटपासून, म्हणजे डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपासून, खालच्या ब्रिजपर्यंत वाजणारी तार स्ट्रॅटवर साडेपंचवीस इंच असते, लेस पॉलवर पावणेपंचवीस, पीआरएसवर पंचवीस. तीच तार, तोच सूर धरला तर लेस पॉलवर ताण सुमारे ६ टक्के कमी पडतो. पहिला फ्रेटही एखाद मिलिमीटर जवळ येतो. वाचताना हे किरकोळ वाटतं, पण एफ धरताना कळतं. तुमच्या पॅसिफिकाचं स्केल स्ट्रॅटइतकंच आहे.

खरेदीच्या आधी एक फुकटातला प्रयोग करा. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा आणि आठवडाभर तसंच वाजवा. ताण ११ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. अंगठ्याला आराम पडला तर तुमचं दुखणं ताणाचं आहे, आणि मग तारांचा दहाचा सेट (पहिली तार ०.०१० इंच जाड) काढून नऊचा (०.००९) टाकला तरी पुष्कळ भागेल. पहिल्या तारेचा ताण त्याने जवळजवळ १९ टक्के उतरतो. नाहीच फरक पडला, तर कारण वेगळीकडे शोधा.

मी स्वतः स्ट्रॅटचा भक्त. १९५४ साली आली तेव्हापासून तिच्या अंगाला पोटाकडून आणि कोपराखाली जो उतार दिलाय, तो बरगड्यांना आजही सुखाचा वाटतो. पण एक सांगून ठेवतो: तिचे सिंगल कॉइल पिकअप (तारेचा कंप टिपणारी एकेरी गुंडाळी) गुणगुणतात. घरातलं अर्थिंग कच्चं असेल, खोलीत डिमरचा दिवा असेल तर दुपारच्या शांततेत ती घूं नकोशी होते. पिकअप निवडायची पट्टी दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवली की बहुतेक आधुनिक स्ट्रॅटवर आवाज दबतो, कारण मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो. पूर्ण शांतता हवी तर हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) घ्या.

तंतुवाद्य_मिरज

कॅशियरसाहेब, तुम्ही आमच्यापासून दहा किलोमीटरवर आणि विचारताय साऱ्या जगाला! घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी होतात, मी गिटारीही बघतो.

तंबोऱ्यात तार घोडीच्या पसरट पाठीला हलकेच घासून झणझणावी म्हणून आम्ही तासन्‌तास जवारी काढतो. गिटारच्या नटवर तशीच झणझण आली की तो बिघाड. ती येऊ नये म्हणून कारखान्यात नटच्या खाचा जरा उथळच ठेवतात, तार वर राहते आणि सगळा भार तुमच्या बोटावर येतो. एफ अवघड जाण्याचं हे पहिलं कारण, गिटार पाच हजारांची असो की पाच लाखांची.

घरीच तपासा. सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर किती फट उरते बघा. केसाएवढी हवी. दुसरं, इतक्या वर्षांत तुमच्या पडद्यांवर (फ्रेटवर) पहिल्या-दुसऱ्या तारेखाली नखं रोवल्यासारखे खळगे पडले असणार. पडदे घासून एका पातळीत आणले आणि नट खाचून घेतला की काम थोड्या हजारांत होतं. अडीच लाख कुठे पळून जात नाहीत.

जाता जाता: महाग गिटारीच्या फिंगरबोर्डवर इंडियन रोझवुड असं लिहिलेलं दिसेल. ते म्हणजे आपलं शिसव. फार भारावून जाऊ नका.

निवृत्त_कॅशियर

मोबाईलची बॅटरी लावून, श्वास रोखून बघितलं. फटीत अख्खं व्हिजिटिंग कार्ड गेलं! शनिवारी मिरजेला जाऊन आलो. खळगे होतेच. मंगळवारी गिटार हातात आली, आणि एफ वाजला. सहाच्या सहा तारा, एकही मुकी नाही. मी दोन वेळा धरून पाहिला, मग हिला हाक मारून ऐकवला. ती म्हणाली, "आधी काय वाजत होतं मग?"

अर्धा सूर उतरवूनही बघितलं. पहिल्या दिवशी विश्वास बसेना, चौथ्या दिवशी अंगठा बराच गप्प झाला. म्हणजे ताणाचं खरं आहे.

आता मनात येतं, की हीच बरी आहे तर दुसरी कशाला? पण खरं सांगू का, मला हवीच आहे. चाळीस वर्षं लोकांच्या गिटारी काचेतून बघितल्या.

मडगावचो_लग्नबँड

कॅशियरबाब, हवी आहे म्हणजे हवी आहे. घ्या आणि मोकळे व्हा.

मी लेस पॉलवाला. सगळे तुम्हाला वजनाची भीती घालतील, चार किलोच्या वर सहज जाते म्हणून. खरं आहे. लग्नात पाच तास उभं राहून वाजवलं की माझा खांदा दुसऱ्या दिवशी माझा राहत नाही. पण तुम्ही उभे कुठे राहताय? बसल्यावर वजन मांडीवर येतं.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, तिचा हेडस्टॉक (खुंट्यांचं डोकं) १७ अंशांनी मागे झुकलेला असतो आणि मानेतल्या सळईच्या, म्हणजे ट्रस रॉडच्या, पेचाच्या नटसाठी नेमकं तिथेच लाकूड कोरलेलं असतं. गिटार पाठीवर पडली की तिथेच मोडते. जुनी घेत असाल तर हेडस्टॉकच्या मागे उजेड तिरका पाडून बघा. केसासारखी रेघ दिसली तर नमस्कार करून परत या. दुसरं, तिच्या अंगावर नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश असतं. ते रबरी स्टँडशी भांडतं आणि तिथे डाग पडतो. स्टँडच्या दांड्यांना जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा. आमच्याकडे खाऱ्या हवेत तारा पंधरवड्यात काळ्या पडतात, तो त्रास सांगलीत नसावा.

फिजिओ_बेसवाली (चिंचवड)

सर, तुमचा हात पाहिलेला नाही, त्यामुळे निदान करणार नाही. सकाळी अंगठा कडक होत असेल किंवा बरणीचं झाकण फिरवताना कळ येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, गिटार नंतर.

वाजवण्यापुरतं सांगते. बारीक नेक (गिटारची मान) म्हणजे सोपी नेक, असं दुकानात सगळे सांगतात. अंगठा दुखणाऱ्या बऱ्याच जणांचा अनुभव उलटा असतो. नेक जाड, गोलसर असली की तळवा भरतो आणि अंगठ्याला चिमटा काढावा लागत नाही. दोन्ही तऱ्हेच्या धरून बघा. अंगठा नेकवरून पूर्ण उचलून बार कॉर्ड वाजतो का तेही करून पाहा. उजव्या कोपराने गिटार अंगाशी दाबायची आणि डावा हात कोपरातून हलकेच मागे ओढायचा.

आणि पलंग सोडा! गादी दबते, गिटार पुढे कलते, मनगट मुडपतं. बिनहाताची खुर्ची घ्या, बसल्या बसल्याही पट्टा लावा, आणि दर वीस मिनिटांनी थांबा.

निवृत्त_कॅशियर

मुंबईहून लिहितोय. बरंच झालं, त्यामुळे थोडं लांबेल.

सोबत विमानाच्या बॅगा टांगून मोजायचा काटा नेला होता. दुकानातला मुलगा हसला, मग स्वतःच एकेक गिटार टांगून द्यायला लागला. एकाच मॉडेलच्या दोन स्ट्रॅट, रंगाशिवाय काही फरक नाही, एक ३.३ किलो आणि दुसरी ३.८! हे कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. पीआरएस सुरेख होती, तिच्या फ्रेटवरचे पक्षी बघत राहावेसे वाटतात, पण नेक मला बारीक पडली. अंगठ्याने लगेच तक्रार केली.

संध्याकाळी पार्ल्यात एका दंतवैद्यांकडे जुनी लेस पॉल बघायला गेलो, स्टँडर्ड फिफ्टीज मॉडेल, २०२१ साली घेतलेली. ते म्हणाले, दवाखान्यातून घरी यायलाच दहा वाजतात, वाजवणार कधी? काट्यावर ४.३ किलो. काटा बघून ही माझ्याकडे बघायला लागली. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, गिटार मांडीवर घेतली. नेक जाडजूड, क्रिकेटची बॅट धरल्यासारखी. एफ धरला, मग एफवरून बी फ्लॅट, मग माझा नेहमीचा तुकडा. किती वेळ गेला कळलं नाही. डॉक्टरांच्या बाईंनी चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली.

लिफ्टमध्ये हिला विचारलं, कशी वाटली? म्हणाली, "आवाजातलं मला कळत नाही. पण दिवसभर त्या बाकीच्या वाजवताना तुमचे ओठ आवळलेले होते. इथे नव्हते."

परत वर गेलो. हेडस्टॉकच्या मागे बॅटरी तिरकी धरून नखाएवढी जागा न सोडता तपासलं. रेघ नाही. दोन लाख साठ हजारांत ठरलं. अ‍ॅम्पला आता पुढच्या वर्षीची ठेव, ठाणेकरांनी माफ करावं.

खांद्याचं म्हणाल तर गणपतीत खुर्ची टाकून बसेन. भजनी मंडळ बसूनच वाजवतं की.

आता एकच विचारायचं आहे. आज रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. गिटारची पेटी (केस) कडक आहे, पण झटका बसला तर हेडस्टॉक आतल्या आत हलेल का? आणि तारा सैल करू का?

मडगावचो_लग्नबँड

अभिनंदन! तारा थोड्या उतरवा, पार ढिल्या नकोत. केस उघडून हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंनी नॅपकिनच्या घड्या बसवा. घट्ट कोंबू नका, हलणार नाही इतपतच. बर्थखाली ठेवू नका, रात्रभर लोक तिथे बॅगा सरकवत असतात.

निवृत्त_कॅशियर

नॅपकिन नव्हते. हिच्या दोन ओढण्या लावल्या. केस माझ्या बर्थवर भिंतीच्या बाजूने आडवी ठेवली आहे आणि उरलेल्या जागेत मी बसलोय. समोर ही केव्हाच झोपली. कर्जत गेलं.