सबनॉटिका : ‘आधी अणुभट्टी बांधा’ हा सल्ला नवख्यांना देऊ नका

खोलपाणी
सबनॉटिका हा परग्रहावरच्या समुद्रात तग धरायचा व्हिडिओ गेम. मोडक्या यंत्रांचे तुकडे शोधून स्कॅन केले की तशी यंत्रं बांधता येतात. पाण्याखालच्या बेसला वीज लागते, ती सोलर पॅनल, मासे-फळं टाकून चालणारा बायोरिअॅक्टर किंवा न्यूक्लिअर रिअॅक्टर, यांपासून मिळते. काल इथे एकाने लिहिलं, “सोलर आणि बायोरिअ‍ॅक्टरवर वेळ घालवू नका. विकीवर तुकड्यांच्या जागा बघा, सरळ न्यूक्लिअर रिअ‍ॅक्टर बांधा, विषय संपला.” खाली धडाधड +१ पडले. विषय संपत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

नवख्याकडे असतं काय? लाइफपॉड आणि पायातले फिन्स. त्याने युरेनिनाइट कुठून आणायचं? न्यूक्लिअरच्या एका इंधन-रॉडला ३ युरेनिनाइट (युरेनियमचं खनिज), वर शिसं, टायटॅनियम आणि काच. असे ४ रॉड. सोलर पॅनलला २ क्वार्ट्झ, २ टायटॅनियम आणि १ तांबं लागतं, आणि हे सगळं सेफ शॅलोज या सुरुवातीच्या उथळ भागात पायाशी पडलेलं असतं.

माझा पहिला बेस लाल गवताच्या पठारावर होता. खोली वाढली की पॅनलची ताकद घटते हे मला माहीतच नव्हतं. रात्री दिवे गेले, ऑक्सिजन बंद झाल्याची सूचना आली आणि मी अंधारात बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या उंच खडकावर पॅनल बसवले आणि पॉवर ट्रान्समीटरने वीज खाली आणली. एकेक ट्रान्समीटर शंभरेक मीटरला पुरतो. त्यानंतर तो बेस अर्धा गेम चालला. वीज कुठून येते आणि कशी वाहते, हे मला त्या रात्रीने शिकवलं. आयती अणुभट्टी मिळाली असती तर मी काहीच शिकलो नसतो.

रात्रपाळी
तो सल्ला माझा. आता हिशेब ऐका. बायोरिअ‍ॅक्टर मिनिटाला ५० युनिट देतो. वॉटर फिल्ट्रेशन मशीन मिनिटाला ५१ खातं. म्हणजे अख्खा बायोरिअ‍ॅक्टर राबवला तरी पाण्याचं एक मशीन धड चालत नाही. न्यूक्लिअर देतो २५०. एका रॉडमध्ये २०,००० आणि चार रॉडचे ८०,०००. पूर्ण भारावर सलग पाच तासांवर चालतो. माझ्या सेव्हमध्ये मी रॉड एकदाच बदलले. भावना बाजूला ठेवा आणि आकड्यांवर बोला.

चौथा_मजला
आकड्यांवरच बोलतो. बायोरिअॅक्टरमध्ये ऑक्युलस मासा टाकला तर ६३० युनिट, म्हणजे एका माशावर साडेबारा मिनिटं. भट्टीत १६ घरं आहेत. सगळी भरली तर तीन तासांवर बघायला नको. एलियन कंटेनमेंट या मोठ्या मत्स्यटाकीत मासे आपोआप वाढतात. मासे नको असतील तर बेसमध्ये लँटर्न फ्रूटची झाडं लावा.

आणि मुख्य गोष्ट तुम्ही विसरलात. बायोरिअ‍ॅक्टर काय नि न्यूक्लिअर काय, दोन्ही मल्टिपर्पज रूमसारख्या मोठ्या खोलीतच बसतात. मल्टिपर्पज रूम फ्लोटिंग आयलंडवर स्कॅन करता येते. तिथेच लँटर्न फ्रूट आणि मार्बलमेलन उगवलेले असतात. एका फेरीत खोलीही आणि इंधनही.

माझ्या आजोळी गोबरगॅस होता. सकाळी शेण कालवायचं काम माझ्याकडे असायचं. वरची टाकी हळूहळू उचललेली दिसली की आजी म्हणायची, “आज चहा दोनदा.” बायोरिअ‍ॅक्टर पहिल्यांदा भरला तेव्हा मला तीच टाकी आठवली. त्याला ‘वेळ घालवणं’ म्हटलेलं मला लागलं.

काठावरून
रिअ‍ॅक्टर कुठला ते राहू द्या. ‘विकीवर जागा बघा’ हे मला जास्त खटकलं. या गेममध्ये नकाशा दिलेला नाही. चुकायचं, भटकायचं, बीकन (जागेची खूण) टाकत परत यायचं, यासाठीच गेम आहे. थर्मल प्लांटचे (पाण्याच्या उष्णतेवर वीज करणाऱ्या यंत्राचे) तुकडे शोधताना मी ड्यून्स या धोकादायक भागात पोचलो आणि रीपर नावाच्या अजस्र जलचराने माझा सीमॉथ (छोटी पाणबुडी) तोंडात धरला. हात थरथरत होते. पुढे तुकडे मिळाले तेव्हा मी खुर्चीतून उठून ओरडलो. तुम्ही हे नवख्याच्या हातून काढून घेताय.

रात्रपाळी
काढून घेतोय? मी रात्रपाळी करतो, घरी आठ महिन्यांचं बाळ आहे. मला दिवसाला एक तास मिळतो, तोही सलग नाही. तो तास ड्यून्समध्ये हरवण्यात घालवला तर महिनाभर बेसच उभा राहायचा नाही. कुणी किती वेळ भटकायचं हे तुम्ही ठरवू नका.

काठावरून
मग छोटा गेम खेळा. सगळेच बिझी आहेत.

चौथा_मजला
हे बरोबर नाही बोललात.

पोहता_न_येणारी
मीही विकी बघते. कारण सांगते. सहा-सात वर्षांची असताना मी विहिरीत पडले होते. काकाने केस धरून वर काढलं. अजूनही पडद्यावर गडद निळं पाणी दिसलं तरी छाती भरून येते. हा गेम भावाने लावून दिला. मी तीनदा बंद केला. मग कुठल्या भागात रीपर नाहीत ते विकीवर वाचलं, आणि तेवढ्या भागात पोहू लागले. मल्टिपर्पज रूम स्कॅन केली त्या दिवशी मी रडले. सगळ्या जागा आधी माहीत होत्या, तरी रडले.

काठावरून
ताई, तुमच्या बाबतीत शब्द मागे घेतो. हा विचार मी केला नव्हता.

रात्रपाळी
आणि माझ्या बाबतीत? माझं कारण खोटं का?

काठावरून
‘छोटा गेम खेळा’ हे मागे घेतो. बाकी मत तेच. स्वतः बघा, नवख्याला आधीच सांगू नका.

खोलपाणी
आता मूळ मुद्द्यावर या. तुम्ही दोघं भट्ट्या मोजताय आणि थर्मलचं नाव कुणी घेत नाही. ५ टायटॅनियम, २ मॅग्नेटाइट, १ एरोजेल. एरोजेलला रुबी आणि जेल सॅक. एकदा गरम पाण्याच्या झऱ्यापाशी बसवला की ना मासे, ना रॉड, ना रात्रीची काळजी. पाणी जितकं तापलेलं तितकी वीज जास्त. माझं म्हणणं एवढंच आहे, बेस कुठे आहे ते आधी बघा आणि मग वीज निवडा. उथळ पाण्यात सोलर, झऱ्यापाशी थर्मल. अणुभट्टी शेवटी, तीही पाण्याची मशीन दोन-तीन झाली तर.

रात्रपाळी
लाव्हा झोनमध्ये माझेही थर्मलच आहेत. ते मान्य करतो. ‘आधी’ हा शब्द मी घाईत लिहिला, तोही काढतो. ‘पाण्याचं मशीन आणि मूनपूल (पाणबुडी ठेवून चार्ज करायची गोदी) एकत्र चालवायचे असतील तर न्यूक्लिअर’ असं वाचा. २५० आणि ५० मधला फरक मात्र माझ्या घाईने बदलत नाही.

चौथा_मजला
पाच बायोरिअ‍ॅक्टर लावले की २५० होतात.

रात्रपाळी
आणि पाच भट्ट्या भरत कोण बसणार?

चौथा_मजला
मी. मला आवडतं ते.

पोहता_न_येणारी
माझ्या बेसजवळ एक झरा आहे. मॅग्नेटाइट जेलीश्रूम गुहेत मिळतं असं वाचलं. आज रात्री भावाला शेजारी बसवून जाणार आहे. आत काय असतं ते सांगाल का? काठावरून, तुम्हीच सांगा.

काठावरून
सांगतो. क्रॅबस्नेक असतात, त्या जांभळ्या छत्र्यांच्या, म्हणजे जेलीश्रूमच्या, आत बसलेले. छत्रीला लागून जाऊ नका, मधल्या मोकळ्या पाण्यातून जा. गुहेच्या तोंडाशी एक बीकन टाका, म्हणजे परतीची वाट दिसत राहील.