शिळावर्तुळे पाहायला जाताना

प्रश्न (शिक्षक, जुळे सोलापूर)
येत्या डिसेंबरमध्ये नववीच्या वीस मुलांना शिळावर्तुळे, म्हणजे प्राचीन काळी मोठे धोंडे गोलाकार मांडून केलेल्या रचना, दाखवायला न्यावे, असे मनात आहे. गेल्या वर्षी मी एकटाच नागपूरजवळचे जुनापाणी पाहून आलो. काटोल रस्त्याकडच्या त्या माळावर सुमारे ३०० वर्तुळे आहेत, तरी बराच वेळ मला नुसते विखुरलेले धोंडेच दिसत होते. एका वर्तुळात एक कुटुंब चादर अंथरून जेवत होते आणि त्यांचा मुलगा लहान दगड उचलून एकावर एक रचत होता. मी काहीच बोललो नाही, याची रुखरुख अजून आहे. मुलांना तेथे काय दाखवावे आणि कसे वागायला सांगावे?

उत्तर १ (पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, नागपूर, माहेर सोलापूरचे)
सर, ती अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफने आहेत, एवढे सांगितले असते तरी ती मंडळी उठली असती, असे मला वाटते. माणसे बेपर्वा नसतात; समोर काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मोठे धोंडे गोलाकार मांडून आतली जागा माती-दगडगोट्यांनी भरलेली असते, त्यामुळे वर पडलेला लहान दगडसुद्धा त्या रचनेचाच भाग असू शकतो आणि तो हलला की पुरावा हलतो. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या कडांवर सावली धरते आणि खळग्यांची रांग स्पष्ट दिसते. भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो. त्यांत खडू किंवा रंग भरून फोटो काढू देऊ नका. जवळच्याच माहूरझरीच्या उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोडे व त्यांचे तांब्याचे साज मिळाले, तर नागपूर जिल्ह्यातल्याच नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. हे आधी वर्गात सांगितले, तर माळावर मुलांना धोंडे नव्हे, माणसे दिसतील.

उत्तर २ (नळदुर्ग)
गुरुजी, नागपूर लांब पडत असेल तर कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातल्या शहापूरजवळचे विभूतिहळ्ळी पाहा. तेथे वर्तुळे नसून धोंड्यांच्या लांबच लांब रांगा आहेत. त्या मुलखातली अशी दफने एकोणिसाव्या शतकात मेडोज टेलर या इंग्रज गृहस्थांनी उकरून त्यांची चित्रे काढली आणि हेच टेलर पुढे आमच्या नळदुर्गात अधिकारी होते. त्यामुळे हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्रसिद्ध शिळावर्तुळाला एरवी पर्यटकांना दोरीबाहेरूनच पाहावे लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अशी दोरी नाही, म्हणून ती जबाबदारी आपल्यावरच येते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. जुनापाणीच ठरवतो. पहाटेच पोहोचू, डबे रस्त्यापलीकडे खाऊ आणि प्रत्येक मुलाला बाहेरून पावले मोजत एकेका वर्तुळाचा नकाशा काढायला सांगेन. या वेळी कोणी आत बसलेले दिसले, तर मी स्वतः जाऊन बोलेन.