इंग्लंडहून फ्रान्सला गाडीनं जायचंय, बोट की बोगदा? आईला गाडी लागते

टिळकवाडी२२:
नमस्कार मंडळी. मोठी ताई आणि दाजी बरीच वर्षं झाली इंग्लंडात रेडिंगला हायत. मे महिन्याच्या शेवटी त्यांच्या पोरांना आठवडाभर सुट्टी असते, म्हणून आई-बाबांना घेऊन मी तिकडं जायलोय आणि तिथनं दाजींच्या गाडीनं सगळ्यांनी मिळून पॅरिसला जायचं ठरलंय. गाडी सात सीटर, माणसंबी बरोबर सात, त्यात ताईची दोन पोरं (एक ४ वर्षांचं, एक ९), म्हणजे मागं सामानाला जागाच राहत नाही, बॅगा टपावर बॉक्स लावून न्यायच्या. दाजी म्हणतात सुट्टीत रेट चढत जातात, आत्ताच बुक करू, खरं बोटीनं जायचं की बोगद्यानं ते तू आई-बाबांना बघून ठरव.

अडचण अशी की आईला गाडी लागते. गोव्याला जाताना जांबोटी मागं पडली की लिंबू नाकाशी, आणि कणकुंबीला गाडी थांबवायचीच, त्याच्या पुढं चोर्ला घाट म्हणजे तिचे हाल बघवत नाहीत. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिने चढायला त्रास. आणि बाबांना बोगद्याची धास्ती बसलीय, समुद्राखालनं पन्नास किलोमीटर गाडी चालवायची आणि मधेच बंद पडली तर काय करायचं म्हणून दोन दिवस तेच विचारायलेत. कुणी दोन्हीकडनं गेलंय काय? पैशाचा फरक थोडाफार असला तरी चालेल, आई परत एवढा प्रवास करेल असं वाटत नाही, त्यामुळं हा एक तरी नीट व्हावा.

खानापूर_ते_केंट:
बाबांना पहिलं हे सांगा की त्या बोगद्यातनं गाडी चालवायचीच नसते. आत रस्ताच नाही, रेल्वे हाय. आपल्या कोकण रेल्वेवर कोलाड ते वेर्णा ट्रक चढवून नेतात, रोरो म्हणतात ते, १९९९ पासून चालू हाय, त्यातलाच प्रकार समजा, फक्त इथं डबा चारी बाजूनं बंद, आत एसी आणि लाइट. इंग्लंडच्या बाजूला फोकस्टनला गाडी सरळ डब्यात घालायची, इंजिन बंद, हँडब्रेक, काचा अर्ध्या खाली, आणि ३५ मिनिटांत फ्रान्सच्या बाजूला कॅले. माणसं गाडीतच बसतात नाहीतर उतरून डब्यातच बाजूला उभी राहतात. बोगदा एकूण ५० किलोमीटरचा, त्यातला ३८ समुद्राखाली. आणि बोगदे तीन हायत, दोन रेल्वेचे आणि मधला एक फक्त देखभालीला आणि अडचणीच्या वेळी माणसं बाहेर काढायला. १९९४ साली सुरू झालाय, बाबांनी बिनघोर बसावं.

तिकीट गाडीवर असतं, आत माणसं किती ते बघत नाहीत (नऊपर्यंत), म्हणून सात जणांना ते महाग वाटत नाही. टपावरच्या बॉक्ससकट उंची मोजून ठेवा, १.८५ मीटरच्या वर गेली तर वेगळ्या डब्यात घालतात आणि बुकिंगलाच तसं सांगावं लागतं. दाजींची गाडी गॅसवर असेल तर मात्र बोगद्यात घेत नाहीत.

तुमच्या आईंचं ऐकून मी तरी बोगदाच म्हणेन. आणि रेडिंगहून फोकस्टन दोन-सव्वादोन तास, कॅलेहून पॅरिस साधारण २९० किलोमीटर म्हणजे आपलं बेळगाव-पुणे त्याहून जास्तच, हे धरून एका दिवसात जायचं का मधे मुक्काम करायचा ते बघा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी मुक्काम केला असता.

निपाणीची_अक्का:
बोगदाच घे बाबा. मागच्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या लेकानं आम्हाला बोटीनं नेलं, इंग्लंडच्या डोव्हर बंदरातनं कॅलेला दीड तास लागतो म्हणाला, आणि त्या दिवशी वारं असं सुटलेलं की बोट सुटायलाच चार तास उशीर, आम्ही गाडीत रांगेत बसून, थंडी, पोरगं रडायलं, आणि सुटल्यावर खाली-वर खाली-वर, मी तर खुर्ची धरून देवाचं नाव घेत बसलेली, आमच्या यांनी गोळी घेतली खरं ती उलटी सुरू झाल्यावर, तेव्हा घेऊन काय उपयोग. येताना लेकानं बोगद्याचं काढलं, पोळी-भाजी खाईपर्यंत पोचलोसुद्धा. कान जरा दडपतात तेवढंच. वाऱ्यापावसाचा संबंधच नाही. आईला त्रास होतो हे माहीत असून बोट कशाला?

चिकोडी_सदलगा:
बोट-बोगदा नंतर बघा, आधी व्हिसाचं काय केलंय ते सांगा. इंग्लंडचा व्हिसा म्हणजे फ्रान्सचा व्हिसा नव्हे. आई-बाबांना आणि तुम्हाला इंग्लंडचा व्हिजिटर व्हिसा वेगळा आणि शेंगेन (फ्रान्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) वेगळा लागतो, आणि तिथं पाहुणे म्हणून गेल्यावर लंडनमध्ये शेंगेन काढू असं मनात असेल तर ते सोडून द्या, पाहुण्यांचा अर्ज तिथं सहसा घेत नाहीत. इथनंच काढायचा, बेंगळुरूला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फी मोठ्या माणसाला ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. ताई-दाजींचे पासपोर्ट अजून भारतीयच असतील तर त्यांनाबी शेंगेन पाहिजे, त्यांनी तिकडंच अर्ज करायचा. पोरांचं पण बघा.

माझ्या चुलत भावानं तिकीट आधी काढलं आणि व्हिसाची अपॉइंटमेंट नंतर शोधत बसला, शेवटी सासू-सासरे लंडनलाच राहिले आणि बाकीचे गेले. त्या सासूबाईंचं तोंड मला अजून आठवतंय. म्हणून एवढं लिहायलोय. बदलता येईल असलंच तिकीट काढा, चार पैसे जास्त गेले तरी.

आणि हो, डोव्हर असू दे नाहीतर फोकस्टन, फ्रान्सचे पोलीस पासपोर्ट इंग्लंडच्याच बाजूला तपासतात, पलीकडं उतरलं की सरळ बाहेर. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं शिक्क्याऐवजी कॉम्प्युटरवर नोंद करायची नवीन पद्धत आणलीय, त्यामुळं हाताशी वेळ ठेवूनच पोचा.

टिळकवाडी२२:
बाप रे, ताई म्हणालेली इथं आल्यावर बघू! आजच फोन करतो तिला. लई उपकार झाले तुमचे. इंग्लंडच्या व्हिसाचं चालू हाय, शेंगेनचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

बोगदा नक्की करतो मग. बाबांना तीन बोगद्यांचं सांगितलं, आता ते शेजाऱ्यांना सांगायलेत.

कारवारचा_दर्यावर्दी:
थांबा जरा. मी बावीस वर्षं जहाजावर काढलीत, त्यावरनं एक विचारतो. आईंना गाडी लागते असं तुम्ही लिहिलंय. पाणी लागतं काय? हे दोन वेगळे हायत. कैक माणसं मी बघितलीत ज्यांना मोटारीत दहा मिनिटांत मळमळतं आणि बोटीवर काहीच होत नाही, आणि उलटंबी बघितलंय. कान सांगतो आपण हलायलोय, डोळ्यांपुढं मात्र पुढच्या सीटची पाठ, त्यानं डोकं गरगरतं. बंद गाडी, एसीचा वास, डिझेल, हे त्यात भर घालतात. डोळ्यांना लांबची रेघ दिसली आणि तोंडावर वारं आलं की निम्मा त्रास जातो.

आता बोगद्यात काय होणार? रेडिंगहून दोन तास गाडीत, मग रांगेत गाडीत, मग डब्यातबी गाडीत नाहीतर गाडीच्या बाजूला, बाहेर बघायला काही नाही, आणि उतरलं की परत तीन तास गाडीत. आईंना मोकळी हवा कुठंच नाही. बोटीत गाडी खाली लावून माणसांना वर जावंच लागतं, प्रवासात गाडीपाशी थांबूच देत नाहीत. दीड तास उघड्या डेकवर, नाहीतर आत खिडकीपाशी बसायचं, चहा घ्यायचा, पाय मोकळे करायचे. मे-अखेरीला त्या खाडीत ऑक्टोबरसारखं वारं सहसा नसतं. अक्कांचं खोटं नाही, हवा बिघडली की ते पाणी वाईटच, खरं ऑक्टोबर आणि मे एका मापानं मोजू नका. बसायचं झालं तर बोटीच्या मध्यावर बसा, अगदी पुढं आणि अगदी मागं जास्त हलतं. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि निघायच्या आधी तासभर, त्रास सुरू झाल्यावर नव्हे.

तुम्ही, दाजी, आम्ही सगळे ठरवायलोय. आईंना विचारलंय काय?

टिळकवाडी२२:
खरं सांगतो, नव्हतं विचारलं. काल जेवताना विचारलं. आई म्हणाली, तेरेखोलला जाताना केरीच्या फेरीबोटीत मी गाडीतनं उतरून कठड्याला उभी होते, आठवत नाही व्हय तुला? मला आठवलं. त्या दिवशीबी चोर्ल्यात दोनदा थांबलेलो, फेरीवर आम्ही सगळे उन्हाचे गाडीत बसून आणि ही एकटी बाहेर पाण्याकडं बघत उभी, आणि पलीकडं उतरल्यावर सगळ्यांच्या आधी हिलाच भूक लागलेली. आम्ही तेव्हा त्याचं काही धरलंच नाही. ती म्हणाली मला पाणी लागत नाही, मला गाडीचा वास लागतो. एवढी वर्षं मी पुढं बसून गाडी चालवतोय आणि हे मला आत्ता कळतंय, याचं फार वाईट वाटलं.

ती केरीची फेरी पाच-दहा मिनिटांची, इथं दीड तास, हे मी तिला सांगितलं. म्हणाली असू दे, डोंगर दिसतोय काय तिथनं तेवढं विचार.

खानापूर_ते_केंट:
दिसतो की! डोव्हरचे पांढरे कडे, खडूच्या दगडाचे, बोट सुटली की मागं सगळी रांग दिसते. सकाळी ऊन असलं तर आईंना मागच्या डेकवरच उभं करा. मी माझं मत बदललं, दर्यावर्दी मामांचं बरोबर हाय, मी फक्त मिनिटं मोजली.

मग आता बाबांचं बघू. गाडीच्या डेकवरनं वर जायला जिने उभे असतात, खरं लिफ्ट हाय. बुकिंग करताना आणि परत चेक-इनला बाबांच्या गुडघ्याचं सांगा, म्हणजे गाडी लिफ्टजवळच्या रांगेत लावून घेतात. पलीकडं पोचायच्या आधी खाली जायला सांगतात तेव्हा गर्दी उडते, बाबांना घेऊन एकानं दहा मिनिटं आधीच लिफ्टपाशी थांबायचं. कोट, औषधं, पोरांचं खाणं सगळं वर घेऊन जा, मधे गाडीकडं परत जाता येत नाही. टपावरच्या बॉक्सची उंची बोटीलाबी सांगावीच लागते. डंकर्कला जाणाऱ्या बोटीबी डोव्हरहूनच सुटतात, त्यांना दोन तास लागतात, त्या नको, कॅलेचीच घ्या.

येताना पाहिजे तर बोगदा घ्या, बाबांना बघायला मिळेल. जातानाचं आणि येतानाचं तिकीट मग वेगवेगळं काढायचं, दोन्हींचा रेट बघून दाजींना ठरवू दे. घड्याळ फ्रान्समध्ये एक तास पुढं असतं, मुक्कामाच्या हॉटेलला वेळ सांगताना तेवढं धरा.

निपाणीची_अक्का:
बरं बोटीनं जा, खरं सकाळची घे, आणि दोन दिवस आधी हवा बघ. आणि एक, कुंदा न्यायचा नाही. आमचा इंग्लंडात विमानतळावरच काढून घेतला, दुधाचं काही चालत नाही तिथं, आणि तिथनं फ्रान्सलाबी चालत नाही. ताईला आवडत असला तरी. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी ने, ती कोण अडवत नाही. आईला पुढच्या सीटवर बसव की आता, एवढी लहान पोरं मागंच बसवायची असतात फ्रान्सात.

टिळकवाडी२२:
होय अक्का, पुढची सीट आईचीच. शेंगेनची अपॉइंटमेंट बघायलोय, बेंगळुरूला रेल्वेनं जाणार, बसनं नाही. ताईचा आणि पोरांचाबी अर्ज राहिलाय म्हणे, ती उद्या करतेय. व्हिसा हातात आला की सकाळची कॅलेची बोट, येताना बोगदा. परत येऊन लिहितो.