मदत हवी आहे: चौथीतल्या भाच्याला शाळा म्हणते 'विशेष शाळेत टाका'. कायदा काय म्हणतो?

नमस्कार मंडळी,

बहीण पारोळा तालुक्यात असते, दाजींची कापूस-मक्याची शेती. मी नोकरीपायी नाशिकला. भाचा नऊ वर्षांचा, चौथीत, खासगी अनुदानित मराठी शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही, गाव लहान आहे.

पोरगं हुशार आहे, आणि हे मामा म्हणून सांगत नाही. मोटर कुठल्या फेजमुळे बंद पडली हे दाजींच्या आधी त्याला कळतं. व्यापारी कापूस मोजत असला की क्विंटलचा हिशेब याचा तोंडी तयार. पण पुस्तक समोर ठेवलं की घाम फुटतो. एका ओळीला पाच मिनिटं. फळ्यावरचं उतरवून होण्याआधी फळा पुसलेला असतो.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी बहिणीला बोलावलं. म्हणाले, याला विशेष शाळेत टाका, नाहीतर दाखला घेऊन जा. तिने काही सवलत मिळेल का विचारलं, तर आधी अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन चकरा झाल्या. पहिल्या खेपेला वैद्यकीय बोर्डाचा वार चुकला. दुसऱ्या खेपेला मुलांच्या डॉक्टरांनी नीट तपासलं, पण अध्ययन अक्षमतेची (हुशार असूनही वाचता-लिहिताना अडतं ती) चाचणी घेणारं कुणी नव्हतं. शेवटी एका खासगी ठिकाणी साडेतीन हजार भरून चाचणी केली. अहवाल: 'बुद्ध्यांक सीमारेषेवर, लेखनात गंभीर चुका.'

मी त्याच्या उत्तरांचे कागद मागवून घेतले आणि तिथेच अडकलो. 'केळी'चं 'केयी', 'डोळा'चं 'डोया', 'शाळेत'चं 'शायामा', 'घरात'चं 'घरमा'. सगळ्यावर लाल फुली. अहो, आमच्या घरात हेच बोलतात! अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो हे खान्देशातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. चित्रातल्या मुलीला त्याने 'आंडेर' म्हटलं, तेही चूक. फोनवर मला विचारतो, "मामा, बाई म्हनस केयी लिखू नको. मंग केयीले काय म्हनू?" मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

पण सगळंच अहिराणीवर ढकलता येत नाही. 'गरम'चं 'मगर' आणि 'कमळ'चं 'मकय' तो घरच्या बोलीमुळे लिहीत नाही ना?

तर शाळा असा दाखला हातात देऊ शकते का? सर्टिफिकेट नसेल तर मुलाला काहीच मिळत नाही का? आणि प्रमाण मराठीतली चाचणी अशा मुलाला लावणं कितपत बरोबर? जाणकारांनी सांगावं. बहीण रोज रडते.

पांझराकाठचा:
दादा, आधी दाखल्याचं. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 16: आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करायची मुभा आली, काढून टाकायची नाही. ताईंना सांगा, दाखल्याच्या कुठल्याही अर्जावर सही करू नका. शाळा काढत नसते, पालकांकडून 'स्वेच्छेने' लिहून घेते. खरी गोम तिथे आहे.

आता सर्टिफिकेट. 1995 च्या जुन्या कायद्यात सातच प्रकारचं अपंगत्व होतं, अध्ययन अक्षमता त्यात नव्हतीच. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 ने ते 21 केले आणि हिला जागा मिळाली. याही कायद्यात लागू होणारं कलम 16 नंबरचंच आहे (कार्यालयात यावरून हमखास गोंधळ होतो, म्हणून अर्जात कायद्याचं पूर्ण नाव लिहा). सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते उपाय करावेत, असं त्यात आहे. म्हणजे ओळखायचं काम शाळेचं. तुमच्या बहिणीने एसटीने चकरा मारून पुरावा आणायचा आणि मग शाळेने हलायचं, असा क्रम कायद्यात नाही.

किमान 40 टक्के अपंगत्वाची अट आरक्षणासाठी आहे, आणि कलम 31 मधल्या 18 वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणासाठी. दिव्यांग व्यक्तीच्या साध्या व्याख्येत टक्का नाही. परीक्षेत उत्तरं लिहून देणाऱ्या लेखनिकाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हे स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे, 40 टक्के अपंगत्व नव्हतं, तरी लेखनिकाचा हक्क मान्य झाला.

भरीत_पुरी:
कायदा तोंडपाठ आहे तुमचा, पण गावात एकच शाळा असते. भांडलात तर पोराला मागच्या बाकावर बसवतील आणि वर्षभर बघणार नाहीत. माझ्या पुतण्याचं तेच झालं. जपून.

निवृत्त_साधनव्यक्ती:
मी गटसाधन केंद्रात (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं सरकारी केंद्र) विशेष शिक्षक होतो. साठाहून जास्त शाळा माझ्या एकट्याकडे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचवीपर्यंत दर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि सहावीपासून पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. ते वाचून मी एकटाच हसलो होतो.

भरीत_पुरी म्हणतात ते खरं आहे, म्हणून तक्रारीने सुरुवात करू नका, विनंतीने करा. मुख्याध्यापकांना साधा अर्ज: मुलाला अध्ययन अक्षमता आहे का याची पडताळणी करावी, गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकांना बोलवावं. दोन प्रती करा, एकीवर पोहोच घ्या. 4 जानेवारी 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेत तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनीच प्राथमिक पडताळणी करायची असं होतं. मार्च 2024 मध्ये सुधारित सूचना आल्या. अर्जात दोन्हींचा उल्लेख राहू द्या. उत्तर आलं नाही तर गटशिक्षणाधिकारी, आणि अगदीच गरज पडली तर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त.

बोलीबद्दल तुम्ही पकडलंत ते फार मोलाचं आहे. ताईंना एक काम द्या. त्याच्या वह्यांमधल्या चुका दोन कागदांवर वेगळ्या करा. 'ळ'चा 'य', '-मा', '-ले' अशा एका कागदावर. अक्षरांची उलटापालट, गाळलेला काना, अर्धवट शब्द दुसऱ्यावर. दुसरा कागद भरला तरच अक्षमतेचा संशय धरा. आणि पुढच्या चाचणीला सूचना अहिराणीत समजावून देणारं माणूस सोबत न्या. नंदुरबारकडे पावरी, भिली बोलणाऱ्या मुलांना बोलीपायी 'मंद' ठरवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

सोनपापडी_भुसावळ:
ताईंना म्हणावं रडू नका. माझ्या लेकीला दहावीला तासाला वीस मिनिटं जादा मिळाली होती. पण प्रमाणपत्र आम्ही उशिरा काढलं, नववीत. तोवर तिचा शाळेवरचा जीव उडाला होता. बोर्डाच्या सवलतीला कागद लागतोच, त्यामुळे तोही नाद सोडू नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल बहिणीने आणि मी व्हिडिओ कॉलवर तीन वह्या काढल्या. एकूण चुका एकेचाळीस. चोवीस पहिल्या कागदावर. सतरा दुसऱ्यावर, त्यात 'मगर' चार वेळा.

सतरा कमी नाहीत, म्हणजे चाचणी हवीच. पण वह्यांत चुका म्हणून मोजलेल्यातल्या निम्म्याहून जास्त आमच्या आजीच्या बोलीतल्या निघाल्या.

अर्ज सोमवारी देतोय. दाजी येणार नव्हते, आता म्हणतात मीच देतो. निवृत्त_साधनव्यक्ती, एकच विचारतो: ते दोन्ही कागद अर्जाला आत्ताच जोडू, की विशेष शिक्षक येतील तेव्हा त्यांच्या हातात देऊ?