ऑर्गन म्हणजे फक्त नाटकातला नव्हं! ऑर्गन-ऑर्केस्ट्राचं नवं संगीत ऐकलं असेल तर अनुभव लिहा

आपल्याकडं कोल्हापुरात ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक, केशवराव भोसले नाट्यगृहातली नांदी आणि पायानं भाता मारत बसलेले बुवा. पण मी विचारतोय ते चर्चमधे असतो त्या पाइप ऑर्गनबद्दल, सोबत भला मोठा ऑर्केस्ट्रा, आणि संगीत पण जुनं बाख वगैरे नाही, आत्ताआत्ताचं. सुरुवात मीच करतो. काइया सारिआहो या फिनलंडच्या संगीतकार बाई, 2023 मधे गेल्या, त्यांची ऑर्गन आणि ऑर्केस्ट्रासाठीची 2013 ची रचना राजारामपुरीत मित्राच्या घरी मोठ्या स्पीकरवर लावली. पाच मिनिटांत दोघं मिसळ खायला गेले. मी बसलो. आवडलं का ते अजून सांगता येत नाही, पण बंद करावंसं वाटलं नाही हे खरं. जाणकारी नको, तुम्हाला काय झालं ते लिहा.

मंगळवार पेठेतनं
ऐकलं भावा. सम कुठं हाय तेवढं सांग, मग बोलू.

सध्या हेलसिंकीत, मूळचा शाहूपुरीचा
मी हॉलमधे बसून ऐकलंय म्हणून जरा मोठं लिहितो. इथल्या म्युझिक हॉलमधे जानेवारी 2024 ला नवा ऑर्गन सुरू झाला, 124 स्टॉपचा, म्हणजे तितके वेगवेगळे आवाज निवडता येणारा, आणि त्यासाठी पहिले दहा लाख युरो याच सारिआहोबाईंनी दिले होते. ऑफिसातल्या एकीनं तिकीट दिलं म्हणून गेलो, नाहीतर मी कशाला जातोय. माझी जागा अशी होती की वादकाचे पाय दिसत होते आणि मी अर्धा वेळ तेच बघत बसलो, कारण आपल्या ऑर्गनला पाय हवा भरतात, इथं हवेला मोटर आणि पायाखाली चक्क सूर, दोन्ही पाय टाच-चवडा करत पट्ट्यांवर फिरतायत आणि वर हात वेगळंच काहीतरी वाजवतायत. सगळ्यात मोठ्या पाइपांचा सूर सेकंदाला सोळाएक कंपनांचा असतो म्हणे, तो कानाला कळतच नाही, खुर्चीच्या पाठीतनं बरगडीत येतो. मग व्हायोलिनं त्यावर इतकी हळू आली की ऑर्गन कुठं संपला आणि ती कुठं सुरू झाली पत्ता लागला नाही. एका जागी तोंडातनं "क्या बात है" निघणारच होतं, गिळलं. मधे दाद द्यायची नाही, खोकायचं पण नाही, हा प्रकार मला अजून झेपत नाही. आपल्याकडं देवल क्लबात असं गप्प बसलं तर गाणाऱ्याला वाटेल श्रोते झोपले.

पेट्या दुरुस्त करतो, शिवाजी पेठ
ऑर्केस्ट्रा नाही, पण नुसत्या ऑर्गनचं एक ऐकलंय ते सांगू का. लिगेटी म्हणून हंगेरियन माणूस, त्यानं 1961-62 मधे लिहिलेलं 'व्होल्युमिना'. त्यात बोटं नाहीत, आख्खा कोपरापासनं हात पट्ट्यांवर टाकायचा. माझ्या दुकानात कुणी असं केलं तर मी हाकलीन. पण शेवट ऐका. मोटर बंद करतात आणि पट्ट्या तशाच दाबून. आपल्या पेटीत भाता संपला की आवाज बारीक होतो, सूर फारसा हलत नाही, कारण तिथं पितळी पत्ती थरथरते. पाइपात हवा उतरली की सूरच घसरतो, सगळे एकदम, प्रत्येक पाइप आपापल्या गतीनं. तेवढा भाग मी चार-पाच वेळा मागं घेऊन ऐकला. बाकीचं नाही ऐकवलं.

बसमधे हेडफोनवर ऐकलं
भूताचा पिक्चर. सॉरी.

जर्मनीत शिकायला होतो
याहून भारी सांगू? हाल्बरश्टाटला एका चर्चमधे जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची ऑर्गनची रचना 2001 पासनं चालू आहे, 2640 ला संपणार. एक सूर वर्षानुवर्षं तसाच, पट्ट्यांना वजनं लावलेली. 5 फेब्रुवारी 2024 ला सूर बदलला तेव्हा लोक लांबलांबनं आलेले. अंबाबाईच्या किरणोत्सवाला आपण डोळे लावून उभं राहतो तसंच, फक्त ढगांचं टेन्शन नाही.

गाणं शिकवते, ताराबाई पार्क
मंगळवार पेठेच्या दादांना माझा पाठिंबा अर्धाच. सम नाही हे खरं, पण आलापात तरी कुठे असते हो? मला अडलं ते दुसरीकडे. ऑर्गनला मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर उडीच मारावी लागते, आणि व्हायोलिनं मात्र मधल्या सगळ्या जागा घेत होती, त्यामुळे दोघं एकत्र आले की मला सारखं वाटत होतं ऑर्गन बेसूर आहे, तो नसतानाही. शिष्यांना ऐकवलं तर एकीनं तंबोरा लावायला घेतला आणि त्या रेकॉर्डिंगच्या खर्जाशी जुळवत बसली. जुळला नाही. तिला काही वाटलं नाही, पुन्हा लावा म्हणाली.

मंगळवार पेठेतनं
ताई, आलापाला मागनं बंदिश येते की. हितं मी वाट बघत बसलो आणि टाळ्याच आल्या.