युआनमिंगयुआन पुन्हा उभारावे का?

धागाकर्ता:
चीनच्या कांगशी सम्राटाने १७०७ साली चौथ्या मुलासाठी बीजिंगच्या वायव्येला सुरू केलेली युआनमिंगयुआन ही शाही बाग त्याचा नातू छ्येनलोंग सम्राट याच्या काळापर्यंत सुमारे साडेतीनशे हेक्टरांवर, म्हणजे निषिद्ध नगरीच्या (बीजिंगमधल्या सम्राटांच्या राजवाड्याच्या) जवळजवळ पाचपट पसरली. ऑक्टोबर १८६० मध्ये, दुसऱ्या अफू युद्धाच्या अखेरीस, इंग्रज-फ्रेंच फौजांनी ती लुटली आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकुमावरून ती जाळण्यात आली. (हाच एल्गिन पुढे भारताचा व्हाइसरॉय झाला.) तिथे नवे, रंगवलेले मंडप उभारणे म्हणजे त्या कृत्याचा पुरावाच झाकून टाकणे होय, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. आज उरलेल्या ज्या दगडी खांबांना आपण पुरावा म्हणतो, ते चित्रकार कास्तिल्योने आदी जेझुइटांनी (ख्रिस्ती धर्मसंघाच्या सदस्यांनी) आखलेल्या युरोपीय धाटणीच्या महालांचे आहेत आणि त्या महालांनी बागेचा जेमतेम एक कोपरा व्यापला होता. खरी बाग लाकडाची होती, म्हणूनच ती राख झाली. परिणामी पाहुणा परक्या शैलीचे अवशेष पाहून चिनी बाग पाहिल्याच्या समजुतीने परततो. शेजारची शाही बाग यिहेयुआनही १८६० मध्ये उद्ध्वस्त झाली होती. राजमाता त्सिशीने ती पुन्हा बांधली आणि १९९८ साली ती जागतिक वारसा ठरली. तिला नकली कोण म्हणते?

धागाकर्ता:
त्सिशीने ती राहण्यासाठी बांधली, तेही आरमाराचा पैसा वळवून. आता युआनमिंगयुआनमध्ये राहणार कोण? शिवाय यिहेयुआनची शोभा केवळ इमारतींत नाही. तिथल्या कुनमिंग सरोवराच्या काठी उभे राहिले की पलीकडच्या युछुआन टेकडीवरचा मनोरा बागेतलाच वाटतो; आवाराबाहेरचे दृश्य असे आत ओढून घेणे ही चिनी उद्यानकारांची हातोटी आहे, आणि आजच्या बीजिंगच्या उंच इमारतींमध्ये ती नव्याने साधणे मला तरी अशक्य वाटते.

प्रतिसाद २:
दोघेही छपरांवरच भांडत आहात. युआनमिंगयुआनचा प्राण पाणी होता: मागच्या तळ्याभोवतीची नऊ बेटे म्हणजे प्राचीन चीनचे नऊ प्रांत, ही कल्पना पाण्याशिवाय कळतच नाही. १७४४ च्या सुमारास रेशमावर रंगवलेली चाळीस दृश्ये पॅरिसमध्ये जपलेली असल्यामुळे मंडप कसे होते ते समजते, परंतु पाणी चित्रातून आणता येत नाही. २००५ साली पाझर थांबवण्यासाठी तळ्यांच्या तळाशी प्लास्टिकचा पडदा अंथरला गेला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की सरकारला जाहीर सुनावणी घ्यावी लागली. जिथे साधे तळे भरताना ही अवस्था होते, तिथे मंडपांचा नकाशा आत्ताच कशाला उलगडायचा?

प्रतिसाद १:
पाण्याचा मुद्दा मान्य. तरीही नऊ बेटांपैकी एकावर, जुन्या जोत्याला धक्का न लावता, एक मंडप उभारून पाहायला माझी हरकत नाही.