लँड व्हायच्या ऐन वेळी विमान परत वर गेलं, दोन विमानं एवढी जवळ येतातच कशी?

वऱ्हाडी_ठाण्यात:
मागच्या आठवड्यात आईला घेऊन नागपूरहून मुंबईला येत होतो. खाली झोपड्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या दिसायला लागल्या, म्हटलं टेकलंच आता, तेवढ्यात इंजिनं एकदम गरजली आणि विमान नाक वर करून सरळ परत वर. आईने संत्रा बर्फीचा डबा छातीशी धरला आणि रामरक्षा सुरू. पाचेक मिनिटांनी कॅप्टन बोलला की आधीचं विमान अजून रनवेवर होतं म्हणून गो-अराउंड केला, काळजीचं कारण नाही. हे आईला कोण पटवणार?

घरी येऊन शोधत बसलो तर ८ जून २०२४ चा मुंबईचाच व्हिडिओ सापडला. तिरुवनंतपुरमला निघालेलं एअर इंडियाचं विमान अजून रनवेवर धावतंय आणि त्याच रनवेवर मागून इंदूरहून आलेलं इंडिगो टेकलं पण! आम्हाला वर नेलं मग त्यांना का नाही? आणि तिथल्या एटीसीवाल्याला (टॉवरमधून विमानांना सूचना देणारा कंट्रोलर) लगेच ड्युटीवरून बाजूला केलं म्हणे, म्हणजे चूक त्याचीच ना? आई तर आता परतीला विदर्भ एक्सप्रेसच म्हणतेय.

टॉवरवाले_काका (रिटायर्ड):
आधी आईंना सांगा की तुमच्या बाबतीत जे झालं ते बरोबरच झालं. गो-अराउंड म्हणजे गडबड नव्हे, रनवे मोकळा नाही तर उतरायचं नाही एवढंच. टॉवर सांगतो किंवा पायलट स्वतः ठरवतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आता त्या जूनच्या प्रकाराबद्दल. मुंबईत रनवे दोन आहेत पण ते एकमेकांना छेदतात, म्हणून कामाला एकच. गर्दीच्या वेळी तासाला चाळीसच्या वर विमानं, म्हणजे दर दीड मिनिटाच्या आत एक वर नाहीतर एक खाली. टॉवरमधल्या माणसाचं गणित बघा, येणारं विमान चार मैलांवर आहे, म्हणजे हातात साधारण शंभर सेकंद, आणि रनवेच्या तोंडाशी एक उभं आहे. सोडू का याला? सोडलं, आणि त्या पायलटने हलायलाच पंधरा-वीस सेकंद घेतले की संपलं गणित. मग येणाऱ्याला वर पाठवायचं. त्या दिवशी इंडिगोला उतरायची आणि एअर इंडियाला उडायची, दोघांनाही क्लिअरन्स होता हे दोन्ही कंपन्यांनी सांगितलंय. पण फक्त कंट्रोलरला बाजूला करून काय साधलं? तो दर दीड मिनिटाचा हिशोब त्याने नाही ठरवला.

बंगळूरकर_मराठी:
काका बरोबर, पण "सिस्टीमची चूक" म्हणून माणसांना मोकळं पण सोडू नका. आमच्या बंगळूरला ७ जानेवारी २०२२ ला काय झालं ते बघा. समांतर दोन रनवे, सकाळी उत्तरेकडचा उड्डाणांना आणि दक्षिणेकडचा उतरायला असं चाललं होतं. मग शिफ्ट इनचार्जने ठरवलं की दक्षिणेचा बंद, सगळं उत्तरेवरून. आणि हे दक्षिणेच्या टॉवरवाल्याला सांगितलंच नाही!! त्याने आपल्या रनवेवरून भुवनेश्वरचं विमान सोडलं, त्याच सुमारास दुसऱ्याने उत्तरेवरून कोलकात्याचं. दोन्ही इंडिगोची, दोन्हीत मिळून चारशेच्या वर माणसं, आणि वर गेल्यावर एकमेकांच्या दिशेने. रडारवरच्या कंट्रोलरला दिसलं आणि त्याने दोघांना वेगवेगळीकडे वळवलं म्हणून वाचले. वर कहर म्हणजे हे कुठल्या लॉगबुकात लिहिलंच नव्हतं, कळवलंही नव्हतं, डीजीसीएनेच (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तसं सांगितलं. मला टकरीपेक्षा हे न लिहिणं जास्त भयंकर वाटतं.

पुणेरी_चष्मा:
एवढं घाबरायचं काय त्यात, हल्ली विमानात टीकॅस असतं, समोर दुसरं विमान आलं की तेच ओरडतं वर जा खाली जा. टक्कर होणं शक्य नाही.

टॉवरवाले_काका (रिटायर्ड):
शक्य नाही म्हणू नका हो चष्मेवाले. जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली टीकॅस वर-खाली सांगतच नाही, त्यामुळे रनवेवरच्या भानगडीत त्याचा उपयोग शून्य. आणि ते आपल्याकडे सक्तीचं झालं कशामुळे? १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातल्या चरखी दादरीवर हवेत दोन विमानं धडकली. दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोइंग ७४७ विमान १४,००० फुटांवर आणि उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन विमान १५,००० वर, असं सांगितलेलं होतं. कझाक विमान त्याच्याही खाली आलं. कंट्रोलरशी इंग्रजीत बोलायचा तो त्यांचा रेडिओ ऑपरेटर, आणि त्याच्यासमोर उंचीचं मीटरच नव्हतं, पायलटच्या खांद्यावरून डोकावून बघायचं. दिल्लीच्या रडारवर तेव्हा ठिपका दिसायचा, उंची नाही. जायचा यायचा रस्ता एकच. ३४९ गेले, एकही वाचला नाही. त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालं.

बरं, टीकॅस असूनही २००२ मध्ये जुलैच्या पहिल्या रात्री जर्मनीत उबरलिंगनवर दोन विमानं धडकलीच. रशियन विमानाला मशीन म्हणत होतं वर जा, झुरिकचा कंट्रोलर म्हणाला खाली जा, पायलटने माणसाचं ऐकलं. समोरच्याला त्याच्या मशीनने खालीच पाठवलं होतं. ७१ मेले, त्यात बरीचशी शाळेची पोरं. तो कंट्रोलर त्या रात्री एकटा दोन स्क्रीन सांभाळत होता, जोडीदार विश्रांतीला गेलेला, वरून फोन लाइनचं दुरुस्तीचं काम. आता पायलटना पक्कं शिकवलंय की मशीन आणि टॉवर वेगळं सांगत असतील तर मशीनचं ऐका.

पुणेरी_चष्मा:
मान्य. हजार फुटांचं माहीत नव्हतं.

वऱ्हाडी_ठाण्यात:
सगळ्यांचे आभार. काकांचं शंभर सेकंदांचं गणित आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे त्या पोराने आपल्याला वर पाठवलं ते बरंच केलं की, त्याला बर्फी द्यायला हवी होती. चरखी दादरीचं मात्र वगळलं. तिकीट तरी विदर्भचंच काढलंय, वेटिंग १४.